रोमचं पाणी वगळू नका : सहल कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
युरोपच्या सहली काढणाऱ्या सर्व मराठी सहल कंपन्यांचे संचालक आणि टूर मॅनेजर मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या उन्हाळ्याची तुमची माहितीपत्रकं घरोघरी पोचली आहेत. त्यातल्या एका कंपनीच्या पत्रकात रोमच्या पानावर गेल्या वर्षीपर्यंत एक ओळ असायची: 'प्राचीन रोमन जलसेतूंच्या उद्यानाला भेट'. यंदा ती ओळ नाही. तिच्या जागी शहराबाहेरच्या आउटलेट मॉलमधलं शॉपिंग आलं आहे. मी फोन करून विचारलं. पलीकडची मुलगी अदबीने बोलली. म्हणाली, "काका, गेस्टचा फीडबॅकच तसा होता. पडके खांब बघायला एवढा वेळ कशाला, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं."

त्या मुलीवर माझा राग नाही. त्या एकट्या कंपनीवरही नाही, तिने निदान ती ओळ छापली तरी होती. बाकीच्यांच्या पत्रकात ती मला कधी दिसलीच नाही. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि आयुष्यभराची पुंजी घेऊन तुमच्या बुकिंग काउंटरवर येणाऱ्या माझ्यासारख्यांनाही.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगतो. माझी सगळी नोकरी मुंबईच्या पाणीपुरवठ्यात गेली. तानसाची पाइपलाइन, तिच्यावरचे व्हॉल्व्ह, गळणारे जॉइंट आणि रात्री-अपरात्री वाजणारा फोन. शंभरेक किलोमीटर लांबच्या डोंगरातलं पाणी निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणायचं आणि मग ते शेवटच्या नळापर्यंत पोचवायचं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. निवृत्तीनंतर तुमच्यापैकीच एका कंपनीबरोबर आम्ही दोघं युरोपला गेलो. रोममध्ये एक दुपार 'मोकळी' होती, म्हणजे शॉपिंगसाठी सोडलेली. बाकीचे पर्स आणि बेल्ट बघायला गेले, आम्ही मेट्रोची ए लाइन पकडली. तेर्मिनी स्टेशनपासून वीसेक मिनिटांत जुलिओ आग्रिकोला नावाचं स्टेशन येतं. वर आलं की एखाद्या साध्या उपनगरासारखी वस्ती, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, आणि रस्ता संपतो तिथे उद्यान. तिकीट नाही, फाटक नाही, रांग नाही.

तिथे जे उभं आहे त्याला तुमचे गेस्ट 'पडके खांब' म्हणतात. तो अक्वा क्लॉडिया नावाचा जलसेतू आहे, म्हणजे लांबच्या डोंगरातलं पाणी शहरात आणणारी बांधीव मोरी. सम्राट कॅलिगुलाने इ.स. ३८ मध्ये काम सुरू केलं, क्लॉडिअसने ५२ मध्ये पुरं केलं. एकूण लांबी ६९ किलोमीटर. त्यातले सुमारे ५४ किलोमीटर जमिनीखालून. म्हणजे आपण ज्या कमानींचे फोटो काढतो, तो या व्यवस्थेचा अगदी थोडा भाग. डोंगर संपून मैदान लागल्यावर पाण्याची उंची राखायची तर त्याला उचलून धरणं भाग होतं, नाहीतर ते शहराच्या टेकड्यांवर चढणार कसं? म्हणून शहराजवळचे साडेनऊ किलोमीटर कमानींवर. उद्यानात काही ठिकाणी या कमानी २५ मीटरच्या वर जातात. पंप नाही, मोटर नाही. लेव्हल चुकली की सगळं मुसळ केरात.

एका ठिकाणी कमानींची रांग तुटली आहे आणि तुटलेल्या टोकावर आडवा छेद उघडा पडला आहे. खाली उभं राहून मान वर केली की एकावर एक दोन मोऱ्या दिसतात. खालची घडीव दगडाची, ती क्लॉडिया. वरची विटा आणि काँक्रीटची, ती आनिओ नोव्हुस. दुसरं पाणी, दुसरा उगम, दुसरी लेव्हल, पण खांब तेच. एकाच पायावर दोन लाइन टाकून खर्च वाचवायची युक्ती आमच्या खात्यातल्या कुठल्याही एस्टिमेटवाल्याला लगेच कळेल. खांबांच्या दगडांवर मधोमध बोटभर खाचा आहेत. दगड चिमट्यात धरून वर चढवायचा, त्यासाठी त्या कोरलेल्या. या मोऱ्यांना आतून जो गिलावा करत, तो चुन्यात भाजक्या मातीची भुकटी मिसळून. आपल्याकडे जुने गवंडी त्याला चुना-सुरखी म्हणतात, आणि आपल्या किल्ल्यांवरच्या कित्येक टाक्यांना आणि हौदांना तीच आहे. मी हे सांगू लागलो तेव्हा बायको म्हणाली, "हे बसमध्ये कोणी सांगितलं असतं तर चार माणसं आली असती की बरोबर."

माझं मुख्य म्हणणं तेच आहे. फीडबॅक वाईट आला, कारण बसमधून उतरवलेल्या माणसांना समोर काय आहे ते कोणी सांगितलंच नव्हतं. न सांगता दाखवलं तर कोलोसिअमसुद्धा पडकं स्टेडियमच.

आता तक्रारी.

पहिली त्रेव्हीच्या कारंज्याबद्दल. तिथे तुम्ही आम्हाला अर्धा तास देता. पाठ करून उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणं टाका, म्हणजे परत रोमला याल, एवढं सांगून टूर मॅनेजर सावलीत उभे राहतात. नाणी टाकायला माझी हरकत नाही, ती काढून धर्मादाय कामालाच देतात. पण ते कारंजं ज्या पाण्यासाठी बांधलं, त्याबद्दल अवाक्षर नाही! हे पाणी आणणारा जलसेतू अक्वा व्हिर्गो. ऑगस्टसचा सेनापती आग्रिप्पा याने तो इ.स.पू. १९ मध्ये सुरू केला. सुमारे २१ किलोमीटर, जवळजवळ सगळा भुयारी. इतर जलसेतू कोरडे पडले, पण हा डागडुजी होत होत टिकला. १४५३ मध्ये पाचव्या निकोलस पोपने तो पुन्हा नीट करून घेतला. आज आपण बघतो ते कारंजं निकोला साल्व्हीच्या आराखड्याप्रमाणे १७३२ मध्ये सुरू होऊन १७६२ मध्ये संपलं, आणि त्याच्याच दर्शनी भिंतीवर, वरच्या बाजूला, आग्रिप्पा जलसेतूचा नकाशा पाहतो आहे असं शिल्प आहे. आमच्या ग्रुपमधल्या एकालाही टूर मॅनेजरने मान वर करून बघायला सांगितलं नाही.

तिथून जेमतेम पाच मिनिटांवर व्हिया देल नाझारेनो नावाच्या गल्लीत याच व्हिर्गोची एक दगडी कमान रस्त्याच्या पातळीखाली उभी आहे, क्लॉडिअसने दुरुस्ती केल्याच्या शिलालेखासह. आणि ज्यांना शॉपिंगच करायचं आहे त्यांच्यासाठी तर सोन्याहून पिवळं. जवळच्या व्हिया देल त्रितोनेवरच्या एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात या जलसेतूच्या कमानी जपून ठेवल्या आहेत. सरकत्या जिन्याने खाली जा आणि बघा. तुमच्या शॉपिंगच्या वेळातला एक मिनिटही वाया जाणार नाही.

स्पॅनिश स्टेप्सच्या पायथ्याशी अर्धवट बुडालेल्या होडीचं कारंजं आहे, तिथेही फोटो होतात. ती होडी जमिनीत रुतल्यासारखी का, हे कोणी सांगत नाही. व्हिर्गोचं पाणी कमी उंचीवरून येतं, तिथे त्याला प्रेशर नाही. उंच फवारा उडणार नाही हे ओळखून पिएत्रो बेर्निनीने कारंजंच खाली बसवलं. प्रेशर नाही म्हणून रडत न बसता डिझाइन बदललं! पुढे पियात्सा नाव्होनामध्ये त्याच्या मुलाने केलेलं चार नद्यांचं कारंजं. त्या चारांतली एक आपली गंगा आहे, हातात वल्हं घेतलेली. ती कुठली ते विचारायला आमच्या ग्रुपमधल्या एका आजी टूर मॅनेजरकडे गेल्या, तर त्याने "कोणीतरी ग्रीक देव" असं ठोकून दिलं.

दुसरी तक्रार शिशाची. 'शिशाच्या नळांतलं पाणी पिऊन रोमन वेडे झाले आणि साम्राज्य बुडालं' ही गोष्ट बसमध्ये माइकवरून फार चवीने सांगितली जाते. नळ शिशाचे होते, खरं आहे. पण ते शहरातल्या वाटपात. डोंगरातून येणारी मोरी दगडाची आणि चुना-सुरखीची. रोमचं पाणी चुनखडीतलं, त्यामुळे नळाच्या आतून चुन्याचा थर चढे. पाणी नळात तुंबून राहत नसे, सतत वाहत असे. शिसं बाधतं हे खुद्द रोमनांनाही माहीत होतं. इ.स.पू. पहिल्या शतकात विट्रुव्हिअस या रोमन वास्तुविशारदाने मातीचे नळ त्यापेक्षा बरे असं लिहून ठेवलं आहे. शिसं घातकच, पण एवढं मोठं साम्राज्य नळावर बुडवून मोकळं व्हायचं म्हणजे इतिहास फारच स्वस्तात आटोपला.

मसालेदार गोष्टीच हव्या असतील तर खऱ्या किती आहेत! इ.स. ५३७ मध्ये गॉथांचा राजा व्हिटिगेस याने रोमला वेढा घातला आणि जलसेतू तोडले. पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या चक्क्या बंद पडल्या, शहर उपाशी मरायची वेळ. तेव्हा आतून शहर लढवणाऱ्या बेलिसारिअसने तिबेर नदीत होड्या बांधून त्यांच्यावर चक्क्या बसवल्या. पुढे काही गॉथ मशाली घेऊन एका कोरड्या जलसेतूच्या मोरीतून शहरात शिरायची वाट शोधू लागले. एका फटीतून उजेड चमकला तो पहाऱ्यावरच्या शिपायाने पाहिला. सोबती म्हणाले, लांडग्याचे डोळे असतील. बेलिसारिअसने मात्र माणसं पाठवून मोरी तपासली तेव्हा वितळलेल्या मशालींचे डाग सापडले. ही मोरी व्हिर्गोची असावी असं मानतात, म्हणजे तुमच्या त्रेव्हीचीच. सांगा ना ही गोष्ट माइकवरून. अख्खी बस जागी होईल.

तिसरी तक्रार माझ्या खात्याच्या वतीने आहे. रोममध्ये तुम्ही सम्राट सांगता, पोप सांगता, शिल्पकार सांगता. पाणीखात्याचा साहेब कोणी सांगत नाही. सेक्स्टस युलिअस फ्रॉन्टिनस, इ.स. ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. गव्हर्नरकी करून आलेला माणूस, पण खात्याची कागदपत्रं स्वतः तपासली, मोऱ्या स्वतः मोजल्या आणि सगळं लिहून ठेवलं. रजिस्टरात त्याला काय आढळलं? पाण्याची आवक १२,७५५ क्विनारिया (हे त्यांचं नळाचं माप), आणि वाटप १४,०१८. आवकेपेक्षा वाटप जास्त! हा आकडा वाचून मी एकटाच बसून हसलो. पुढे त्याने प्रत्यक्ष मोजलं तर उगमाशी पाणी रजिस्टरापेक्षा कितीतरी जास्त निघालं. मधलं कुठे जात होतं? चावीवाल्यांना पैसे चारून टाकलेले चोरटे जोड, मंजुरीपेक्षा मोठ्या व्यासाचे नळ, शिक्का न मारलेल्या तोट्या, रस्त्याखालून गुपचूप नेलेल्या लाइनी. त्याच्या हाताखाली देखभालीला ७०० गुलाम होते, आणि पैसेवाले लोक त्यांना घरच्या कामाला जुंपत, हेही त्याने लिहिलं आहे.

त्याच्याही आधी, इ.स.पू. ११ मध्ये, रोमच्या सिनेटने ठराव केला होता की कमानींच्या दोन्ही बाजूंना १५ फूट जागा मोकळी राहिली पाहिजे. बांधकाम नको, झाड नको, मोडणाऱ्याला १०,००० सेस्टर्स (रोमन नाणी) दंड. तानसाच्या पाइपलाइनच्या दोन्ही बाजूंना १० मीटर मोकळे ठेवा, हा उच्च न्यायालयाचा आदेश ज्यांनी अंमलात आणताना पाहिला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. तशाच वस्त्या रोममध्येही झाल्या. उद्यानाजवळच्या अक्वा फेलिचेच्या (१५८७ चा हा पोपच्या काळातला जलसेतू, जुन्या अक्वा मार्चियाच्या अवशेषांवरच उभा) कमानींना टेकून दक्षिण इटलीतून पोटासाठी आलेल्या माणसांनी झोपड्या बांधल्या होत्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्या होत्या. तिथे एका पाद्र्याने एका झोपडीत शाळा काढली. झोपडीचा नंबर ७२५, तेच शाळेचं नाव. त्या पोरांनी महापौरांना जाहीर पत्र लिहिलं होतं. ज्या कमानींमधून एकेकाळी महालांकडे पाणी गेलं, तिथेच राहणाऱ्यांच्या घरात नळ नव्हता.

सरकारी काम म्हणून टिकलं, असंही समजू नका. पोर्ता माज्जोरे नावाचं दरवाजासारखं बांधकाम आहे, तेर्मिनीपासून ट्रामच्या वाटेवर. क्लॉडिया आणि आनिओ नोव्हुस यांना रस्ता ओलांडून नेण्यासाठी बांधलेली ती जोडकमान. तिच्यावर तीन सम्राटांचे शिलालेख आहेत. पहिल्यात क्लॉडिअस म्हणतो, हे मी स्वखर्चाने बांधलं. दुसऱ्यात व्हेस्पाशिअन म्हणतो, हे नऊ वर्षं बंद पडलं होतं, मी दुरुस्त केलं. तिसऱ्यात टायटस म्हणतो, पुन्हा खिळखिळं झालं, मी नव्याने केलं. उद्घाटन ५२ चं, व्हेस्पाशिअनची दुरुस्ती ७१ ची, टायटसची ८१ ची. तीस वर्षांत दोन मोठ्या दुरुस्त्या! हे वाचून मला ठेकेदार कोण होता ते विचारावंसं वाटलं. ही कमान तुमच्या बसच्या खिडकीतून दाखवता येईल, उतरायचीही गरज नाही.

चौथी तक्रार छोटी, पण खिशाला लागणारी. बसमध्ये पाण्याची बाटली युरो मोजून विकली जाते. रोमच्या रस्त्यांवर १८७४ पासून लोखंडी सार्वजनिक नळ आहेत, नाकासारख्या तोटीचे, म्हणून त्यांना 'नासोने' म्हणतात. आज असे सुमारे २,५०० आहेत. पाणी गार, पिण्याजोगं, फुकट. तोटीच्या तोंडावर बोट दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उडते, वाकायला नको, बाटली नको. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांची केवढी सोय! तुम्ही हे माहीत असून सांगत नाही, की तुम्हालाच माहीत नाही?

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. वेळ नाही, बसचा ड्रायव्हर ठरलेल्या तासांच्या पुढे चालवत नाही, रात्रीचं भारतीय जेवण वेळेत गाठायचं असतं, ग्रुपमध्ये लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतात. यातलं काहीच खोटं नाही, आणि चाळीस माणसांची मोट बांधून परदेशात हिंडवणं किती अवघड असतं, ते मी बसमध्ये बसून पाहिलं आहे. तुमच्यामुळेच माझ्यासारखी इंग्रजीला बिचकणारी माणसं युरोप बघू शकतात, हेही मान्य. पण वेळ आउटलेट मॉलला मिळतोच ना? स्पेनच्या सहलीत सेगोव्हियाचा जलसेतू तुम्ही दाखवता, कारण तो गावाच्या मधोमध आहे, टाळताच येत नाही. दक्षिण फ्रान्सला जाणारे थोडे, पण तिथेही पाँ द्यु गार या रोमन जलसेतूच्या पुलाला बस थांबते. मग ज्या शहरात असे अकरा जलसेतू होते, त्या शहरातच ते वगळायचे?

तेव्हा मागण्या स्पष्ट लिहितो.

रोमच्या कार्यक्रमात जलसेतू उद्यानाला दोन तास परत द्या. सकाळी किंवा संध्याकाळी, उन्हाच्या वेळी नको, तिथे सावली कमी आहे. 'वेळ मिळाल्यास' हे शब्द न छापता. ज्यांना नको त्यांना मॉलला न्या, सक्ती नको, पण निवड तरी ठेवा.

त्रेव्हीला नाणी टाकायच्या आधी दोन मिनिटं आग्रिप्पा सांगा, आणि नाझारेनोची कमान दाखवा. पोर्ता माज्जोरेवरून बस जात असेल तर शिलालेखांची गोष्ट सांगा.

पहिल्याच दिवशी बसमध्ये नासोनेची माहिती द्या, रिकामी बाटली जवळ ठेवायला सांगा. बाटल्या विकायच्या तर विका, पण पर्याय सांगून विका.

टूर मॅनेजरांना रोमच्या पाण्यावर अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्या. शिशाची कथा बंद. त्यासाठी माणूस मिळत नसेल तर मी येईन. मानधन नको, नकाशे माझे मी आणीन. गंगेच्या बाबतीत मात्र आधी त्या आजींची माफी मागा.

पुढच्या हंगामाची माहितीपत्रकं दिवाळीच्या सुमारास छापायला जातात असं ऐकतो. त्याच्या आत उत्तर द्यावं, आणि ते मला खासगीत न देता जाहीरपणे द्यावं. ज्या कंपनीच्या पत्रकात ती ओळ परत येईल, तिचं नाव मी माझ्या सगळ्या निवृत्त सहकाऱ्यांना आपणहून कळवीन. त्यातले बरेच जण अजून युरोपला जायचे आहेत.

कळावे,
आपला,
एक निवृत्त जलअभियंता, मुलुंड